पानाखालची पंगत

शैलाकाकू बागेत आल्या की हातातली पिशवीही खाली न ठेवता आधी घेवड्याचं एखादं पान उलटं करून बघत. "बघू, आज पंगतीला कोण कोण आलंय," असं म्हणत. स्टुटगार्टच्या टेकडीवर आमच्या भाड्याच्या बागा शेजारी-शेजारी होत्या, मधे कंबरेएवढं कुंपण. माझ्या बागेत शोधूनही तण सापडलं नसतं. त्यांच्या एका कोपऱ्यात ब्रेनेसेल नावाच्या खाजऱ्या तणाचं रान माजलेलं, आणि माझी रेवा सदोदित त्या कुंपणापलीकडे.

रेवाचा जन्म इथलाच. मी मराठीत विचारायचं आणि तिने जर्मनमध्ये उत्तर द्यायचं, हा आमच्या घरचा रिवाज. गोष्टींची पुस्तकं, आजीशी व्हिडिओ कॉल, सगळं करून मी थकले होते. आणि कुंपणापलीकडून मात्र ऐकू यायचं, "काकू, या मुंगीने त्या लाल किड्याला ढकलून दिलं बघा." स्वच्छ मराठीत. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

लग्नाआधी काकू सांगलीच्या शाळेत जीवशास्त्र शिकवायच्या. इतकी वर्षं इथे राहून त्यांचं जर्मन फर्डं झालं होतं, पण किड्यामुंग्यांचं त्या फक्त मराठीतच बोलत. "मावा पानाचा रस पितो. त्याच्या अंगातून गोड पाझरतं, ते मुंग्या चाटतात. म्हणून त्या त्याला गाईसारखं राखतात, आणि त्याला खायला तो लाल, ठिपक्यांचा ढालकिडा आला की हाकलतात. कळलं?"

"गेनाऊ," रेवा म्हणायची. निदान तेवढं 'बरोबर' तरी ती जर्मनमध्ये म्हणते, यावर मी समाधान मानायची.

एकदा मला राहवलं नाही. "काकू, तुमचा मावा माझ्या घेवड्यावर येतो. साबणाचं पाणी मारा ना."

"अगं मेधा, कोणाचं तरी जेवण आहे ते. राहू दे. जेवणारे जरा उशिरा येतात, एवढंच."

बागांच्या मंडळाचे अध्यक्ष त्या ब्रेनेसेलबद्दल तक्रार घेऊन आले, तेव्हा मला मनातून बरं वाटलं. काकूंनी त्यांना वाकायला लावून फुलपाखराच्या काळ्या अळ्या दाखवल्या, त्या दुसरं काही खात नाहीत हे समजावलं आणि वर कॉफी पाजली. जाताना अध्यक्ष म्हणाले, रविवारी नातीला घेऊन येतो. माणसंसुद्धा त्यांच्याकडेच जायची, माझ्या नीटनेटक्या बागेत कोणी फिरकायचं नाही.

काकू मागच्या हिवाळ्यात वारल्या. नव्या भाडेकरूंनी तो कोपरा साफ केला. रेवा बागेत येईनाशी झाली आणि तिचं मराठीही थांबलं. जे ऐकून मी जळायची, तेच ऐकायला आता मी आसुसले होते.

जूनमध्ये तिला जवळजवळ ओढतच आणलं. घेवडा माव्याने काळा पडला होता आणि त्यात नारिंगी ठिपक्यांच्या ओबडधोबड अळ्या फिरत होत्या. मी साबणाच्या पाण्याची बाटली उचलली. रेवाने माझं मनगट धरलं.

"थांब आई. ही ढालकिड्याची पिल्लं आहेत. जेवायला आलीत. राहू दे."

माझ्याशी इतकं सलग मराठी ती पहिल्यांदाच बोलली होती, आणि त्यातला शब्द न् शब्द काकूंचा होता. मला पुन्हा त्यांचा हेवा वाटला, अगदी पूर्वीइतकाच. मी बाटली खाली ठेवली.

"दाखव बरं," मी म्हटलं, "अजून कोण कोण आलंय?"

तिने शेजारचं पान उलटं केलं आणि मला जागा करून दिली.