गिड्डीची चोवीस इंची

माझी नणंद उंचीनं बेताचीच, माझ्या खांद्याला जेमतेम लागायची. घरात तिला सगळे गिड्डी म्हणत. लग्न होऊन आले आणि आठवड्याभरात मीही म्हणायला लागले. आता नातवंडंसुद्धा गिड्डी आजीच म्हणतात.

आमच्या ह्यांचं सायकलचं दुकान. गिऱ्हाइकाला मापाचीच सायकल द्यायची, हा त्यांचा हट्ट. माणसाला अनवाणी भिंतीला टेकवून उभं करायचे, मांड्यांमध्ये जाड पुस्तक वर दाबून धरायला लावायचे आणि पुस्तकाच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेप लावायचे. मग सांगायचे, "दोन्ही पाय जमिनीवर टेकले की दांड्याच्या वर दोन बोटं मोकळी राहिली पाहिजेत. सीट खालीवर होते हो, दांडा होत नाही." एका हेडमास्तरांना तर मापाची नाही म्हणून तसंच परत पाठवलं होतं. मी चौथीपर्यंत शिकलेली, पण हे मला तोंडपाठ.

गिड्डीला दवाखान्यात घरोघर औषधं पोचवायची नोकरी मिळत होती. लग्नाचं कुठे जमत नव्हतं. सगळा जीव त्या नोकरीत. अट एकच, सायकल स्वतःची हवी, आणि ती दांड्याचीच, कारण औषधांची पिशवी दांड्याला अडकवायची. आठ दिवसांनी चालवून दाखवायची होती.

दुकानात गिड्डीच्या मापाची एक होती, अठरा इंची सांगाड्याची. तिला गिऱ्हाईक कधीही मिळालं असतं. आणि एक चोवीस इंची, तीन वर्षं धूळ खात पडलेली. तेवढा ताडमाड माणूस दुकानात फिरकलाच नव्हता. ह्यांनी बहिणीला चोवीसची दिली. वर लाल रिबीन बांधून.

"दादा, पाय पोचत नाहीत रे."

"सीट खाली घेतलीय की."

"दांडा टोचतो."

"फुकटच्या सायकलचा दांडा टोचतो होय? गिड्डे, तुझ्यासाठी काय पाळण्याला चाकं लावू?"

शेजारचा शिंपी पोट धरून हसला. मीही हसले.

"वहिनी, तू तरी सांग ना त्याला."

"होईल गं सवय," मी म्हटलं.

आठ दिवस ती ओट्यावर उभी राहून सायकलवर चढायची आणि ओट्यालाच येऊन उतरायची. दवाखान्याच्या आवारात मी सायकल धरली, तिला चढवलं. चालवली मात्र झकास, वळणं काय, घंटी काय! मग साहेब म्हणाले, "थांबा."

थांबायला तिथे ओटा नव्हता. तिनं ब्रेक दाबला, पाय जमीन शोधत राहिला, आणि सायकलसकट ती आडवी झाली. खुब्याचं हाड मोडलं. आम्ही तिला उचलायच्या आतच साहेबांनी पुढच्या मुलीला हाक मारली.

तो पाय आखूड राहिला तो राहिलाच. तेव्हापासून ती दुकानात स्टुलावर बसून पंक्चर काढते. माप द्यायला कुणी कुरकुरलं की हे आवाज देतात, "गिड्डे, जरा चालून दाखव." ती लंगडत दारापर्यंत जाऊन येते. "बघा, मापाची सायकल घेतली नाही की असं होतं."

गेल्या महिन्यात एका गिऱ्हाइकानं विचारलं, "मावशी, कुठल्या दुकानातून घेतली होती हो?"

"ह्याच. दादानंच दिली. माझं माप त्याला माहीत होतं."

मी हातातलं काम थांबवलं. तीस वर्षांनी बोलली होती बाई.

हे हसले. "हिला गंमत करायची भारी सवय."

गिऱ्हाईकही हसलं. पुस्तक मांड्यांमध्ये धरून माप दिलं, वीस इंची घेतली, आणि जाताना गिड्डीकडूनच दोन्ही चाकांत हवा भरून घेतली.