बागेतून निघालेलीची ओटी

सातवा महिना लागला आणि माझं देवाशी बोलणंच खुंटलं. मादन हिप्परग्याच्या मराठा शेतकऱ्याची मी लेक. लिंगायत मास्तरांशी स्वतःच्या मनानं लग्न केलं म्हणून वडिलांनी दार लावून घेतलं. सासरीही तीच गत. बिदरला मैलूर भागात भाड्याच्या खोलीत आम्ही दोघंच राहत होतो. पहिलटकरणीची ओटी आई भरते. माझी कोण भरणार? तोवर देवाकडं मी एवढंच मागत आले होते, की आईला धाड. आई काही येत नव्हती.

त्यात ह्यांचं ते इंग्रजी महाकाव्य! निजामाचं राज्य गेलं, शाळेतली उर्दू मागं पडली, आणि वरच्या परीक्षेसाठी हे इंग्रजी घोकायला बसले. पहिला पुरुष, पहिली बाई, देवाची बाग, मनाई केलेलं फळ, मग बागेतून हकालपट्टी. बायबलातली ही गोष्ट कुणा जुन्या कवीनं चांगली ऐसपैस लिहिलेली. मी भाकरी थापायला बसले की हे मोठ्यानं वाचून अर्थ सांगायचे. एकदा मी चिडलेच. म्हटलं, "घालवून दिलेल्यांची गोष्ट मला कामून ऐकवायलात? मला काय ठाऊक न्हाई?" बिचाऱ्यांनी पुस्तक मिटून ठेवलं.

श्रावणात आमच्या गल्लीतल्या मठात रोज संध्याकाळी पुराण असायचं. एके दिवशी पुराणिकांना ताप भरला. मठाचे स्वामी, त्यांना सगळे अप्पा म्हणत, ते ह्यांना म्हणाले, "मास्तर, तुम्ही घरी वाचता ते सांगा की. देवाचंच हाय न्हवं?" आज ह्यांची फजिती होणार, म्हणून मी खांबाआड जाऊन बसले.

पण आमची माणसं! पुराणात लग्न आलं की अक्षता टाकायच्या, जन्म आला की पाळणा बांधायचा, ही आमच्याकडची रीत. पहिल्या पुरुषानं पहिल्या बाईला पाहिलं मात्र, बायका ओरडल्या, "थांबा मास्तर, अक्षता आणू द्या!" जोंधळ्याच्या अक्षता त्या परमुलखाच्या पोथीवर पडल्या. अप्पासुद्धा हसले. मग गोष्टीतल्या त्या दोघांनी फळ खाल्लं, देव रागावला, आणि दोघं हातात हात घालून बागेबाहेर निघाली.

तेवढ्यात पुढं बसलेली एक थोराड बाई उठली. करजगीची, श्रावणापुरती भावाकडं आलेली. मी तिला आधी कधी पाहिलं नव्हतं.

"मास्तर, थांबवा जरा त्यांना. लेक घर सोडून जायलीय, रिकाम्या वटीनं धाडता व्हय? चुकली असंल. म्हणून वटी भरायची न्हाई?"

"अक्का, ती गोष्टीतली बाई हाय," कुणीतरी हसलं.

"मग सांगणाऱ्याच्या बायकोची भरा! कुठं हाय ती?"

मला खांबाआडून ओढून पुढं बसवलं. अक्का माझ्याकडं बघून म्हणाली, "अगं बाई, ही तर दोन जिवांची!" आमचं काहीएक तिला ठाऊक नव्हतं. कुणी धावत जाऊन हिरवा खण आणला, कुणी नारळ, हळकुंडं. अक्कानं ओंजळ भरभरून जोंधळे माझ्या पदरात घातले. मी हमसून हमसून रडले, आणि रडता रडता मला हसू फुटलं. "आई कुठं हाय गं तुझी?" अक्कानं विचारलं, आणि भर मठात मी सगळं सांगून टाकलं.

"एवढंच ना?" अक्का म्हणाली. "बाळंतपणाला मी येते."

आणि आली की! मुलगी झाली. सव्वा महिना अक्कानं आम्हा मायलेकींना न्हाऊमाखू घातलं, ह्यांना दटावलं, मला खसखशीची खीर खाऊ घातली. इतकं सुख मला माहेरीही मिळालं नसतं.

मी देवाकडं आई मागितली होती, आणि ती कुठल्या गावची हवी हेही वर बजावून ठेवलं होतं. आता मी गाव सांगत नाही. नुसता पदर पसरते. त्यात कुणाच्या हातानं घालायचं, ते त्याचं तो बघतो.