सिनेमात उभ्या राहिलेल्या बायका

बारामतीत एका जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर लहानसं सिनेमाघर आहे. मोठ्या हिरोंचे पिक्चर तिथं लागत नाहीत. पोरापोरींनी चार मित्र जमवून काढलेले, गावात पोस्टरसुद्धा न लागलेले सिनेमे तिथं अधनंमधनं रविवारी सकाळी दाखवतात. मला नातीनं एकदा नेलं. ती पुढं शिकायला पुण्याला गेली, मी मात्र जातच राहिले. का, तर तिथं पडद्यावर आमच्यासारखी बाई भांडी घासायला बसते, आणि तिची भांडी घासून होईपर्यंत कॅमेरा तिला सोडून जात नाही. आपल्याकडं एवढा वेळ कुणी बघितलंय का कधी, सांगा!

मग मी भावजयीला ओढलं. ती लासुर्ण्याहून एसटीनं येते. बुद्धविहारातल्या दोघी मिळाल्या. चौघींची तिसरी रांग ठरूनच गेली.

तर एका रविवारच्या सिनेमात म्हातारीचं मरण होतं. आमच्याच, बौद्ध घरातली म्हातारी. अंगणात माणसं जमली, मेणबत्त्या लागल्या, सगळी हात जोडून उभी राहिली आणि त्रिसरण सुरू झालं. पडद्यावरली माणसं उभी राहिल्यावर आम्ही काय बसून राहणार? आम्ही चौघीही उठलो आणि त्यांच्याबरोबर म्हणायला लागलो. ठरवून नव्हे हो, पाय आपोआप उठले. मागनं "बसा, बसा", "शूऽऽ" सुरू झालं. पण ते काय मधेच सोडतात? पंचशील पुरं केलं, शेवटी तीनदा "साधू" म्हणलं, मगच बसलो.

सिनेमा सुटल्यावर जिन्यात आम्हाला सरांनी गाठलं. हे सर म्हणजे कॉलेजातनं रिटायर झालेले, हे सगळं चालवतात.

"ताई, इथं गंभीरपणे सिनेमा बघणारे लोक येतात."

"आमीबी गंभीरच व्हतो की. कोण हसलं आमच्यातलं?"

"तसं नाही. तो सिनेमा आहे. ती वंदना खरी नव्हती."

"आन सर, राष्ट्रगीत? तेबी पडद्यावरच लागतंय. तवा तर तुमी समद्यात आधी उठता."

सरांनी मागनं उतरणाऱ्यांना वाट दिली. मग म्हणाले, "पुढच्या वेळेपासून तुम्ही मागं, दाराजवळच्या रांगेत बसत जा. म्हणजे कुणाला त्रास नको."

मागं. दाराजवळ. शब्द साधेच. पण माझे वडील लहानपणी शाळेत दाराशी बसायचे. मला ते नेहमी सांगायचे, पोरी, पुढं जागा असली तर मागं बसायचं न्हाय. सरांच्या मनात तसलं काही नसेलही. मी काही त्यांच्या मनात शिरून बघायला गेले नाही.

"सर, आमी तिसऱ्या रांगंतच बसणार," म्हणलं आणि जिना उतरले.

एसटी स्टँडवर भावजय रडकुंडीला आली. "वन्सं, मी न्हाय येत आता. चारचौघांत कशाला आब घालवायचा? घरी टीव्ही हाय की."

"टीव्हीत तुझ्यासारखी बाई दाव मला एक."

"न्हाय दिसली तर मी काय मरत न्हाय."

"मरणार न्हाईस. पर रांग रिकामी दिसली की ते म्हणतील, बरं झालं, सुंठीवाचून खोकला गेला."

एसटी लागली, ती चढली आणि खिडकीतनं हातसुद्धा केला नाही.

पुढच्या खेपेला मी लवकर जाऊन तिसऱ्या रांगेत बसले आणि शेजारच्या खुर्च्यांवर पिशवी, छत्री, रुमाल टाकून जागा धरली. दारावर नवी पाटी होती, 'कृपया शांतता राखा'. सर नेमके आमच्या पुढच्या रांगेत. विहारातल्या दोघी आल्या. दिवे जायच्या बेतात भावजय आली, पदर सावरत. बसल्या बसल्या कानात म्हणते, "आज गप ऱ्हायचं हां वन्सं. माझी शपथ हाय."

"बरं बाई."

सिनेमा मेंढपाळ कुटुंबाचा होता. त्यात बारसं निघालं. पाळणा बांधला, बायका जमल्या, आत्या बाळाच्या कानाशी वाकली. थिएटर गपगार. मी शपथेला जागून तोंडाला पदर लावून बसलेली. आणि मला शपथ घालणारी बाईच शेजारनं ओरडली, "कुर्रर्र!" आणि बारशाला आत्याच्या पाठीत घालतात तसा माझ्या पाठीत असा धपाटा घातला की माझा चष्मा उडून पुढं पडला. तिच्या दोन्ही लेकरांची आत्या मीच. सवयीचा हात, विसरतोय कुठला!

"शूऽऽ" झालंच. सर मागं वळले. मी त्यांच्याकडं सरळ बघितलं.

"सर, चष्मा द्या जरा. तुमच्या खुर्चीखाली गेलाय."

ते वाकले, चाचपडले आणि चष्मा माझ्या हातात दिला. भावजय तोंडात पदर कोंबून थरथरत होती. हसत होती का रडत होती, अंधारात कळेना.

मी चष्मा लावला आणि तिला म्हणलं, "अगं, घाल अजून एक. बारशाला एकावर कुठं भागतंय?"