तापलेल्या चाकांवरचं पाणी

होळीच्या दिवसांत व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत, "आजी, अंगणात पिकअप का दिसत नाही?" मी म्हटलं, ब्रेकच्या कामाला गेलाय. तेवढ्यावर तुमचं समाधान झालं, माझं झालं नाही. म्हणून हे नीट लिहून ठेवते.

तुमचे आजोबा गेल्यावर हा पिकअप विकून टाक, असं सगळेच म्हणाले. मी विकला नाही. आमच्या म्हसावदहून किराणा माल घाटाने वर धडगावच्या बाजूला चढवायचा आणि परत येताना तूर, भगर, उन्हाळ्यात आमचूर खाली आणायचा, हा त्यांनी लावलेला क्रम मी चालू ठेवला. गाडी चालवतो तो डोंगरातला माणूस आहे, धडगावच्याही पलीकडच्या पाड्यावरचा. आठ वर्षं झाली. घाटातलं एकेक वळण त्याला पाठ आहे, आणि आठ वर्षांत त्याने गाडी कुठे घासलेलीसुद्धा नाही.

गाडीबरोबर आलेली इंग्रजी पुस्तिका घरात मीच वाचू शकत होते. ती मी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली, आणि त्यावरून, थोडं माझ्या स्वभावावरून, सात नियम सुवाच्य अक्षरात लिहून गाडीत समोर चिकटवले. चौथा नियम माझा स्वतःचा होता: फाटकातून आत येण्यापूर्वी चारही चाके धुवावीत. घाटातली लाल माती अंगणातल्या फरशीवर उमटली की मला चैन पडत नाही. त्यासाठी तीन वर्षांपूर्वी फाटकाबाहेर नळ आणि लांब पाइपसुद्धा बसवून घेतला.

दोन वर्षांपूर्वी ब्रेक दाबला की स्टेअरिंग थरथरू लागलं. पुढच्या चाकांना लोखंडी चकत्या असतात. तुम्ही तिकडे परदेशात त्यांना रोटर म्हणता, आमचे मिस्त्री डिस्क म्हणतात. ब्रेक दाबला की दोन्ही बाजूंनी पॅड तिला आवळतात आणि गाडी थांबते. डिस्क वाकडी झाली की पॅड तिच्यावर धडधडतात. शहाद्याच्या मिस्त्रींनी त्या लेथवर घासून सरळ केल्या. सहा महिन्यांत थरथर परत आली. आता त्या इतक्या पातळ झाल्या होत्या की घासायला काही उरलं नव्हतं, म्हणून दोन्ही चाकांना नव्या बसवल्या. यंदा होळीच्या आधी नव्यासुद्धा थरथरू लागल्या.

मी थकले होते. तेच ते काम, तेच शहाद्याला जाणं, प्लॅस्टिकच्या त्याच खुर्चीवर दुपार काढणं. आणि थकलेल्या माणसाला दोष ठेवायला कुणीतरी लागतं. मी ड्रायव्हरला अंगणात उभं केलं आणि म्हटलं, "उतारावर तू सारखा ब्रेकवर पाय ठेवतोस. गिअरवर गाडी उतरवायची असते, हे तिसऱ्या नियमात लिहिलंय. किल्ली दे. होळीनंतर आला नाहीस तरी चालेल."

 त्याने किल्ली माझ्या हातात न देता ओट्यावर ठेवली. जाताना फक्त एवढं म्हणाला, "बाई, गावमा काय सांगू?"

त्या प्रश्नाचा अर्थ मला तेव्हाच कळायला हवा होता. त्याच्या पाड्यातला गाडी चालवणारा तो पहिला माणूस. होळीला सगळे गोळा होतात, गुजरातेत ऊसतोडीला गेलेलेही परततात. तिथे तो, गाडी बिघडवली म्हणून काढून टाकलेला, असा उभा राहणार होता. पुन्हा त्याच्या हाती गाडी कोण देणार?

दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याला गाडी चालवायला सांगून मी शहाद्याला गेले. मिस्त्री माझ्याच वयाचे, तीन पिढ्यांपासून तिथलेच. त्यांनी जॅक लावून पुढचं चाक काढलं, डिस्क हाताने फिरवली आणि तिच्याजवळ पेचकसाचं टोक धरलं. प्रत्येक फेऱ्यात एकाच ठिकाणी टोक लागे. टक. पुन्हा टक. डिस्कवर निळसर डाग होते आणि केसासारख्या बारीक चिरा.

"बाई, तपेल चाकवर पाणी कोण टाकस?"

"कुणी नाही. ब्रेक जास्त दाबतो आमचा ड्रायव्हर."

"ब्रेक दाबीसन आसं व्हस नही. तपेल तवावर गडूभर पाणी वता, मंग देखा तवा वाकडा व्हस का नही." मग पायाशी पडलेल्या चाकाकडे पाहून म्हणाले, "चाक तर नवरदेवना मायक चमकी ऱ्हायनं. गाडीले आंघोळ घालाना नियम कोना शे?"

 शेजाऱ्याने गाडीतला कागद वाचला आणि हसू दाबलं. मिस्त्रींनी दाबलं नाही. "डायवर काढा, बाई, काढा. पन पहिले नळ काढा."

त्या खुर्चीवर बसल्या बसल्या मला एक संध्याकाळ आठवली. गाडी फाटकाशी उभी होती आणि तो म्हणाला होता, "बाई, चाक तपेल शेतस. जरा थांबू का?" आणि मी म्हटलं होतं, "आधी धू, मग चहा." घाटाचा पायथा आमच्या घरापासून जवळच. भरलेली गाडी उतरून येई ती तापलेल्या डिस्क घेऊनच, आणि दर खेपेला मी त्यांच्यावर गार पाण्याचा पाइप सोडायला लावत होते.

घरी येऊन पुस्तिका उघडली. तापलेल्या ब्रेकवर पाणी टाकू नये, अशी ओळ होती. वाचलेलं पुस्तक पुन्हा वाचायची मला सवय नाही.

नव्या डिस्क आल्या. मिस्त्रींनी त्या बसवण्याआधी चाकाच्या बैठकीवरचा गंज घासून काढला, पॅडही बदलले, चाकाचे नट समोरासमोरच्या जोडीने आवळले. हे सगळं होईपर्यंत होळी होऊन गेली. मी ड्रायव्हरला फोन केला होता, पण डोंगरात तो लागला नाही. लागला तेव्हा काय बोलायचं ते मी दोनदा मनात म्हणून पाहिलं होतं. प्रत्यक्षात एवढंच बोलले, "चूक माझी होती. पाण्यामुळे झालं. गॅरेजवर ये."

तो आला. मिस्त्रींच्या समोरच मी त्याला किल्ली दिली, हातात. मग विचारलं, "तुला माहीत होतं ना? बोलला का नाहीस?"

"एकदाव बोलनू ना, बाई." त्याने किल्ली खिशात टाकली. "तुम्हीन शिकेल शेतस. मन्हा मनमा उनं, तुम्हाले ठाऊकच व्हई."

मी पस्तीस वर्षं शाळेत शिकवलं. इतकी वाईट शाबासकी मला कधी मिळाली नव्हती.

"गावात काय सांगितलंस?"

"गाडी आजारी शे, सांगं. मन्हं नाव काढंच नही." माझं नावही त्याने काढलं नव्हतं, हे मला नंतर त्याच्या पाड्यावर जाऊन आलेल्या शेजाऱ्याकडून कळलं.

मी गाडीतला कागद काढायला गेले, तर तो म्हणाला, "राहू द्या. एकच ओळ खोडा." मी चौथी ओळ खोडली. पट्टी जवळ नव्हती, त्यामुळे रेघ वाकडी आली.

आता तो घाटातून उतरला की गाडी सरळ आत आणतो. मातीचे दोन लाल पट्टे फाटकापासून ओट्यापर्यंत येतात. मी ते लगेच पुसत नाही. गुडघे दुखतात, हे खरंच आहे. तो हातपाय धुतो, ओट्यावर बसून चहा पितो. मग केव्हातरी उठून, चाकं धुण्याइतकी निवली का पाहायला, डिस्कजवळ तळहात नेतो, न टेकवता, आणि मला सांगतो, "अजून तपेल शे, बाई. बसा."

मी बसते.