इन्सुलेटरला दाढी आली तेव्हा

“सस्पेंड! आत्ताच्या आत्ता सस्पेंड!” सकाळी सहा वाजता आमचे साहेब अकोल्याच्या सबस्टेशनच्या आवारात ओरडत होते, पायात एकच चप्पल, तोंडात दातवण. पाचच मिनिटांपूर्वी तेहतीस हजार व्होल्टच्या लाइनवरचा इन्सुलेटर असा कडाडला होता, की बार्शीटाकळीच्या म्हशींनी दोन दिवस दूध दिलं नाही आणि आवारातले कावळे उडाले ते थेट दर्यापुरात उतरले. (मी पाहायला गेलो नव्हतो, पण परत आले नाहीत, एवढं खरं.) साहेबांचं बोट रोखलेलं होतं गुलाबवर, ड्यूटीवरच्या ऑपरेटरवर. तो गुलाब गेल्या महिन्यात दर्यापूरला मुलाच्या घरी दुपारच्या झोपेतच गेला. फोन आला तेव्हा मी जेवत होतो... घास तसाच राहिला, आणि रडू यायच्या आधी मला तो कडकडाटच ऐकू आला.

साठ सालच्या आसपासची गोष्ट. मी त्या ऑफिसात टायपिस्ट. गुलाब मला ‘बाबू’ म्हणे. त्याच्या घराण्यातली ती पहिली पगाराची नोकरी. त्याचा बाप महिन्यातून एकदा गावाहून येई, फाटकाबाहेर उभा राहून ड्यूटीवरचा मुलगा डोळे भरून पाही, आणि पाणीसुद्धा न पिता परत जाई. साहेब देशावरून नवेच आलेले, हौशी. खंडेनवमीला लाइन बंद ठेवून त्यांनी यंत्रांची पूजा मांडली. चिनीमातीच्या बशा एकीवर एक रचाव्यात तसा, तारेतली वीज खांबात उतरू न देणारा तो मधला इन्सुलेटर पाहून त्यांना इतका भक्तीचा उमाळा आला, की वरून तांब्याभर पंचामृतच ओतलं. गुलाब बौद्ध, तो बाजूला उभा होता. म्हणाला एवढंच, “साहेब, पुसून घेऊ काय?” साहेब डाफरले, “प्रसाद पुसतात का रे?” शेजारी जिनिंगचा कारखाना. कापसाची तुसं उडाली, त्या मधा-साखरेवर बसली आणि चार दिवसांत इन्सुलेटरला भरघोस दाढी आली. पाचव्या सकाळी दंव पडलं, दाढी भिजली... आणि म्हशी आटल्या.

साहेबांचं म्हणणं, गुलाबनं भलताच स्विच ओढला, म्हणून इन्सुलेटर आतून फुटला. गुलाब म्हणाला, “फुटला कुठी, साहेब? वीज पोटातून नाई गेली, पाठीवरून चालत गेली. हे पाहा ना!” खरंच, पंचामृताच्या ओघळावरूनच जळकी काळी रेघ वळणं घेत खाली उतरली होती. शेजारचे दोन बिनपूजेचे इन्सुलेटर धडधाकट. साहेब ऐकेनात. शेवटी गुलाब म्हणाला, “हाच धुऊन परत चढवतो. उद्याच्या दंवात उडाला, तर मी आपल्या पायानं घरी जातो.”

“आणि नाही उडाला तर?”

“तर तुमी च्या पाजा.”

सस्पेन्शनचा कागद माझ्या मशीनवर चढलेला. मी इतक्या निष्ठेनं टाइप केलं, की संध्याकाळपर्यंत तारीख पुरी झाली. मग रिबन बिघडली. कशी बिघडली ते तिलाच ठाऊक. ती माझ्या खिशात होती. तिकडे गुलाब सोड्याच्या पाण्यानं इन्सुलेटर धूत बसला होता. नवरदेवालाही कुणी एवढं घासत नाही.

दुसऱ्या सकाळी दंव असं, की गवतातून चालताना धोतर पिळावं लागलं. साहेब कडुलिंबाच्या आड, मी साहेबांच्या आड. गुलाब मात्र उघड्यावर, हात मागे बांधून. बातमी कशी पोचली कोण जाणे, फाटकाबाहेर त्याचा बाप उभा होता. महिना भरायला अजून पंधरा दिवस होते. लाइन चालू झाली. इन्सुलेटर नुसता गुणगुणत राहिला. ऊन आलं, दंव वाळलं, तरी तो आपला गुणगुणतोच आहे... मी ऑफिसात जाऊन मशीनवरचा कागद फाडून आलो.

साहेब झाडामागून बाहेर आले. हळूच म्हणाले, “गुलाबराव, रिपोर्टात कारण काय लिहू?” ‘राव’ पहिल्यांदाच.

“लिवा, धूळ होती.”

साहेबांच्या चहावर मी गुलाबवर भडकलो. “पंचामृताचं कावून नाई सांगतलं बे? वरच्यायनं साहेबालेच घरी धाडलं असतं!”

गुलाबनं बशीतला चहा फुंकला. “बाबू, मले माही नोकरी पाहिजे होती. त्यायची नाई.”