गुंड्या, मी आणि हललेला दिवाण

गेल्या वर्षी गणपतीच्या तोंडावर आमच्या घरात खुर्ची हलवायला बंदी होती. बंदी मीच घातली होती.

कारण गुंड्या. आमचा चौदा वर्षांचा कुत्रा. त्या सुमारास तो दार उघडायची वाट बघत बिजागरीच्या बाजूला उभा राहायचा, आणि स्वतःच्याच पाण्याच्या भांड्यावर गुरगुरायचा. नौपाड्यातले डॉक्टर म्हणाले, "वय झालं की कुत्र्यांना जागा नीट आठवत नाहीत. ओळखीच्या वस्तूही परक्या वाटतात. घरातलं सामान हलवू नका. गोंधळला तर कुठेही निघून जाईल."

माझी झोप उडाली. डोंबिवलीला घरी परतल्याबरोबर मी टेप घेऊन बसलो आणि प्रत्येक खुर्ची-टेबलाच्या पायांभोवती खडूने खुणा केल्या. (माझी बायको सुषमा लादी पुसताना त्या पुसायची. मी पुन्हा मोजायचो!)

पण गणपती काही माझ्या टेपला विचारून येत नाहीत.

"अहो, दिवाण हलवल्याशिवाय मखर ठेवू कुठे? डोक्यावर?"

"खिडकीपाशी सव्वा फूट जागा आहे की."

"सव्वा फुटात आधी तुम्ही बसून दाखवा!"

मी दूर्वा आणायला बाजारात गेलो, तेवढ्यात सुषमाने आणि विठ्ठलवाडीहून मदतीला आलेल्या माझ्या बहिणीने, नंदाने, डाव साधला. परतलो तर दिवाणाच्या जागी मखर, दार सताड उघडं आणि गुंड्या गायब!

"अरे दादा, आत्ता तर इथेच होता!" नंदा म्हणाली.

हाका मारून उपयोग नव्हता, त्याला ऐकूही कमी येतं. मी सगळे मजले पालथे घातले. पार्किंगमधल्या प्रत्येक गाडीखाली वाकून पाहिलं. (एकीखाली मेकॅनिक निघाला. माझा चेहरा बघून तोच दचकला!) बाहेर रिक्षा, ट्रक, ढोलताशे... त्यात हे म्हातारं बिचारं कुठे भेलकांडत असेल?

शेवटी धापा टाकत घरी आलो, आतल्या खोलीत समोर दिसलं त्यावर बसलो आणि स्पीकरवर डॉक्टरांना फोन लावला.

"डॉक्टर, गुंड्या गेला हो! सामान हललं आणि तो घर विसरला!"

"आधी शांत व्हा. रोज झोपतो कुठे?"

"दिवाणाखाली. सुषमा! दिवाण कुठे नेऊन टाकलात?"

"कुठे म्हणजे? त्याच्यावरच बसलायत की! नुसती नवी चादर घातलीय."

"आणि मघापासून तिकडे घोरतंय कोण?" डॉक्टरांनी विचारलं.

मी चादर उचलून खाली वाकलो. गुंड्या आपल्या दिवाणामागोमाग आतल्या खोलीत येऊन कधीच झोपला होता! त्याने एक डोळा उघडला, मला पाहिलं आणि पुन्हा मिटला.

"सापडला, डॉक्टर! तपासायला आणू?"

"तो ठीक आहे," डॉक्टर म्हणाले. "तुमचं मात्र माझ्याकडे काही होणार नाही. मी फक्त जनावरं बघतो."

"विचारून तर बघ, दादा," नंदा मागून म्हणाली, "ओळखीत करतील!"