गुणाजी तोरसकरांचा परत आलेला माल

गुणाजी तोरसकरांशी ओळख झाली की पहिल्या पाच मिनिटांत माणसाला एक गोष्ट कळायचीच. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात त्यांनी चौतीस वर्षं कंट्रोल पॅनेलचं वायरिंग केलं आणि त्यांच्या हातचं एकही पॅनेल कधी परत आलं नाही. मुलीला बघायला आलेल्या पाहुण्यांनाही त्यांनी हे चहाच्या आधी सांगितलं होतं. माणसाला कशाचा तरी माज असतोच. यांचा निदान निरुपद्रवी होता.

निवृत्तीनंतर मात्र डोंबिवलीच्या दोन खोल्यांत एवढं कसब ठेवायचं कुठे, असा प्रश्न पडला. त्यांनी घरच्या मिक्सरला लाल, पिवळा आणि हिरवा असे तीन दिवे बसवले. हिरवा लागल्याशिवाय मिक्सर फिरायचा नाही, आणि हिरवा केव्हा लागेल ते एकट्या गुणाजींना ठाऊक. तेव्हापासून रंगूबाई चटणी पाट्यावर वाटत होत्या, आणि नवऱ्याने घरातल्या कुठल्याही वस्तूला पक्कड लावायची नाही असा हुकूम निघाला होता.

अशात तिसऱ्या मजल्यावरची सान्वी सुटकेसएवढी पेटी घेऊन खाली आली.

"काका, हा माझा सिंथ. यावर मी म्युझिक करते."

पेटीत ना तारा, ना पट्ट्या. नुसती बटणं, भोकं आणि भोकाभोकांतून लोंबणाऱ्या रंगीत वायरी. वाद्य म्हणून गुणाजींना त्यातलं काही कळलं नाही. पण वायरिंग कळलं, आणि ते फारच वाईट होतं. त्यांना भरून आलं.

सान्वीने पेटीतून वीतभर लांबीचं एक मॉड्युल काढलं. समोर पत्रा, मागे सर्किट. "याच्यात दोन आवाज जातात, एक बाहेर येतो. इथलं व्होल्टेज वाढलं की हे पहिला सोडून दुसरा धरतं. पण किती व्होल्टेजला पलटायचं ते फिक्स आहे. मला तिथे नॉब हवाय. रविवारी नौपाड्यात प्रोग्राम आहे माझा."

"अगं, म्हणजे चेंजओव्हर," गुणाजी म्हणाले. "लाइट गेली की सोसायटी जनरेटरवर जाते, तसा."

सान्वीने क्षणभर विचार केला. "हो काका. सेमच."

गुणाजींनी चार दिवस जेवण वेळेवर घेतलं नाही. पत्र्याला भोक पाडलं, नॉब बसवला, केसासारख्या वायरींनासुद्धा एक-एक नंबर लावला. कारखान्यातून आणलेल्या जुन्या जॉब कार्डावर सगळं लिहिलं आणि 'तपासणी'च्या रकान्यात सही ठोकली. त्या रकान्यात त्यांनी सुपरवायझरलाही कधी पेन टेकवू दिलं नव्हतं.

मग रिवाजाप्रमाणे पूजा. माल पाठवण्याआधी हळदकुंकू लागलंच पाहिजे, आणि तेही आतल्या बाजूला, कारण बाहेर लावलेलं गिऱ्हाईक पुसून टाकतं. रविवारी निघायच्या घाईत रंगूबाई करंडा घेऊन आल्या, ओल्या बोटाने सर्किटला भरभरून हळदकुंकू लावलं आणि वर फुलाने पाणीही शिंपडलं.

नौपाड्याच्या हॉलमध्ये दोघं पहिल्या रांगेत बसले. एक आवाज घोरण्यासारखा होता, दुसरा कुकरच्या शिट्टीसारखा. सान्वीने सांगितलं होतं, दर आठ ठोक्यांनी पलटणार. दोनदा बरोबर पलटलं. मग ते आपल्या मर्जीने चालायला लागलं. घोरणं, शिट्टी, घोरणं, घोरणं, अर्धीच शिट्टी. गुणाजी बोटांवर ठोके मोजायला लागले. हॉलमध्ये साठ माणसं होती, आणि चेंजओव्हर फॉल्टी आहे हे त्यातल्या एकालाच कळत होतं. बाकीचे डोळे मिटून माना डोलवत होते. शेवटी सगळ्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. हे कसं केलं असं कुणीतरी विचारलं तेव्हा सान्वीने गुणाजींकडे बोट दाखवलं. गुणाजींना वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं.

दुसऱ्या दिवशी 'सर्व्हिसिंग' असं सांगून त्यांनी मॉड्युल मागून आणलं. मागे बघतात तर ओलं कुंकू ओघळून चिपच्या दोन पायांवर पसरून वाळलेलं, आणि काल वीज त्या ओलाव्यातूनच वाट काढत होती. स्पिरिट आणि जुना टूथब्रश घेऊन त्यांनी ते लख्ख केलं. आता बरोबर दर आठ ठोक्यांनी पलटत होतं. वर नेऊन दिलं आणि त्यांच्या जिवात जीव आला.

संध्याकाळी सान्वी मॉड्युल घेऊन दारात.

"काका, हे बिघडलं."

"का? नीट पलटत नाही?"

"एकदम नीट पलटतंय. तोच तर लोचा आहे. शनिवारी परत बोलावलंय मला, आणि लोकांना ते रविवारचंच हवंय."

गुणाजींनी मॉड्युल हातात घेतलं. माल परत आला होता, आणि तोही फॉल्ट नाही म्हणून. जन्मभर फॉल्ट काढलेल्या माणसाला आता फॉल्ट घालायचा होता, आणि तो त्यांना येईना. ड्रॉपरने मोजून पाणी, काडीने मोजून कुंकू. पहिल्यांदा नुसतं घोरणं राहिलं. दुसऱ्यांदा सगळंच गप्प. तिसऱ्यांदा पलटायला लागलं, पण बरोबर दर पाच ठोक्यांनी. त्यांच्या हातून चूकसुद्धा शिस्तीतच व्हायची.

गुरुवारी ते स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले. रंगूबाई पाट्यावर चटणी वाटत होत्या.

"अगं, त्या दिवशी तू कुंकू किती लावलंस?"

"किती म्हणजे? लावतात तेवढं. अहो, त्याला काय माप असतं?"

हात पुरते न पुसताच त्या उठल्या. कोथिंबीर कशी जून मिळते आहे ते सांगता सांगता त्यांनी न बघताच करंड्यात बोट बुडवून सर्किटला लावलं. सान्वीने वरून पेटी आणून वायरी जोडल्या. घोरणं, शिट्टी, शिट्टी, घोरणं, अर्धीच शिट्टी.

"हेच ते," म्हणत सान्वीने रंगूबाईंना मिठी मारली. पण कुंकू शनिवारपर्यंत वाळणार, आणि वाळलं की पुन्हा सगळं नीट. म्हणजे शनिवारी रंगूबाईंना करंड्यासकट नौपाड्याला नेणं आलं.

"येईन," रंगूबाई म्हणाल्या. "पण स्टेशनपासून रिक्षा हवी."

सान्वी गेल्यावर गुणाजींनी नवं जॉब कार्ड काढलं. 'माल परत येण्याचं कारण' यापुढे लिहिलं: नीट चालत होता. 'तपासणी'च्या रकान्यावर पेन अडलं. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगा. थोड्या वेळाने त्यांनी कार्ड फिरवून रंगूबाईंच्या पुढे सरकवलं.

रंगूबाईंनी सावकाश पूर्ण नावाची सही केली, पेनाला टोपण लावलं आणि म्हणाल्या, "आता ते मिक्सरचे दिवे काढा."

गुणाजींनी स्क्रू ड्रायव्हर उचलला. "तिन्ही?"

रंगूबाईंनी मिक्सरकडे जरा बघितलं. "हिरवा राहू दे. चांगला दिसतो."